अंजनाबाईंच्या गच्चीवरची पावलं

रायपूरच्या गुढियारीतल्या त्या गल्लीत कोणी नवी बातमी आणली, की ती आधी अंजनाबाई मेश्रामांच्या ओट्यावरून जायची. अंजनाबाई बहुधा सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या असत. बातमी पुरती ऐकून घेत, एखादा खडा उचलून बाजूला टाकत आणि मान वर न करता विचारत, "कोनं पाह्यलं?"

एवढं विचारलं, की निम्म्या बातम्या जागच्या जागी बसायच्या. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, गल्लीत फटाके वाजले, तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, "राजधानी आली म्हन्ते बाप्पा. आपल्या नळाले काहून नाई आली मंग?"

'कोनं पाह्यलं' हा प्रश्न त्यांनी लहानपणीच उचलला होता. छप्पन साली वडील दीक्षा घ्यायला नागपूरला गेले, तेव्हा त्या त्यांच्या खांद्यावर होत्या. त्यातलं त्यांना आठवायचं ते फक्त पांढऱ्या कपड्यांचं रान. पुढे तुमसरजवळच्या त्यांच्या गावात एक भन्तेजी पावसाळ्याचे तीन महिने वर्षावासाला राहिले. वंदनेत सगळेच 'एहिपस्सिको' म्हणत. भन्तेजींनी पोरांना त्याचा अर्थ सांगितला. ये आणि स्वतः बघ. कोणी सांगतो म्हणून मानू नको, पुस्तकात आहे म्हणून मानू नको. बाकीची पोरं अर्थ ऐकून खेळायला पळाली. अंजनाने तो पदराला बांधून घेतला.

लग्न होऊन त्या रायपूरला आल्या ते साल माणूस चंद्रावर उतरल्याचं. नवरा भैय्यालाल रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर. त्याला विज्ञानाच्या बातम्यांचं वेड. रेडिओला कान लावून तो जगभरची यंत्रं गोळा करायचा. चंद्राची बातमी आली तेव्हा कारखान्याच्या कॉलनीतली माणसं रेडिओभोवती जमली होती आणि नवी नवरी डोक्यावरचा पदर सावरत मागून म्हणाली, "कोनं पाह्यलं?" सगळे हसले. भैय्यालाल सगळ्यांत मोठ्याने हसला.

मग तो तिला गोल बाजारात घेऊन गेला. एका भांड्यांच्या दुकानात कॅलेंडर लटकत होतं. त्यावर चंद्रावरच्या धुळीत उमटलेल्या बुटाचं चित्र.

"पाह्य. तिथं वारा नाई, पानी नाई. हे पाऊल आता जसंच्या तसं राहीन."

अंजनाने चित्र नीट पाहिलं. "पाऊल दिसते. मानूस कुठं हाय?"

"मानसाचंच पाऊल हाय ना व ते!"

"पाऊल हाय म्हनून मानूस हाय, असं कोनं सांगतलं?"

भैय्यालाल दुकानदाराकडे बघून हताशपणे हसला. त्याने तिला स्टीलचा डबा घेऊन दिला आणि दोघं घरी आले.

पुढे दहा वर्षांनी आकाशातली प्रयोगशाळा पडणार म्हणून सारा देश घाबरला. गल्लीतल्या लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, की उद्या राहतो न राहतो. भैय्यालाल डोकं धरून विहारात जाऊन बसला. अंजनाबाई मात्र घरात गाढ झोपल्या. "वर गेलीच नाई थे पडन कशी?" असं त्यांचं म्हणणं. ती प्रयोगशाळा कुठे दूर परदेशात पडली आणि अंजनाबाईंच्या लेखी त्यांचंच खरं झालं.

गल्लीतले लोक हे सांगून हसत. पण हसता हसता मध्येच थांबत, कारण त्यांना बिसाहिनबाईचा दिवस आठवे.

बिसाहिनबाई ही मागच्या पाऱ्यातली, म्हणजे मागच्या वस्तीतली, एकटी विधवा. पाऱ्यात दोन लेकरं तापाने गेली आणि कोणीतरी म्हणालं, ही टोनही आहे, हिने करणी केली. लोक काठ्या घेऊन तिच्या दारात गेले. अंजनाबाई चुलीवरची भाकर तशीच टाकून धावल्या आणि तिच्या उंबऱ्यावर आडव्या बसल्या. म्हणाल्या, ज्याने हिला करणी करताना स्वतःच्या डोळ्याने पाहिलं, त्याने पुढे यावं आणि माझ्यावर पाय देऊन आत जावं. एकेकाच्या तोंडाकडे बघून त्या विचारत गेल्या, "तूनं पाह्यलं? तूनं? तूनं?" याने त्याच्याकडे बोट दाखवलं, त्याने तिसऱ्याकडे. अखेर शेवटचा माणूस म्हणाला, "नहीं दाई, मैं तो सुना हूँ." काठ्या खाली आल्या. बिसाहिनबाई पुढे म्हातारी होऊन आपल्या खाटेवर मेली.

त्यामुळे अंजनाबाईंचा संशय हा गल्लीत चेष्टेचा विषय होता, तसा आधाराचाही होता.

घरात मात्र एक गोष्ट कायम राहून गेली. कारखान्यात भैय्यालालच्या उजव्या पायावर वॅगनचं चाक घसरलं आणि त्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून तो बुटाच्या टोकात चिंध्या कोंबून चालायचा आणि उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला फेकायचा. तसल्या पायाने तो रोज जिना चढून गच्चीवर जाई. दिवस मावळल्यावर किंवा पहाटे, उजाडायच्या थोडं आधी. उपग्रह दिसतो का ते पाहायला. न लुकलुकता, सरळ रेषेत, गुपचूप सरकणारा एक ठिपका. दिसला, की वरून हाक मारायचा, "अंजना! एहिपस्सिको! ये, पाह्य!"

"इमान असन," त्या खालून ओरडत.

"इमानाले लाल लाईट राह्यते. हे तसं नाई. ये तं!"

त्या गेल्या नाहीत. कधी तवा चुलीवर असायचा, कधी गुडघे दुखत, बरेचदा नुसताच हट्ट. इतक्या वर्षांत एकदाही गेल्या नाहीत. भैय्यालाल एका हिवाळ्यात दम्याने गेला. त्याचे बूट अंजनाबाईंनी फडक्यात गुंडाळून जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले.

त्यानंतरच्या वर्षी आपल्या देशाचं यान चंद्राकडे निघालं. मुलगा बुद्धभूषण सिलतऱ्याच्या एका कारखान्यात लोखंडाची तपासणी करायचा. त्याने ऑफिसमधून मिठाईचा पुडा आणला. नात दीक्षा कॉलेजात जायची. ती टीव्हीपुढून हलेना. अंजनाबाईंनी पेढा खाल्ला आणि हात पदराला पुसले.

"दादी, आज नहीं पूछोगी, किसने देखा?" दीक्षाने छेडलं.

"इचारनाऱ्याले हासनारा पायजे," अंजनाबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

ते दिवस काळ्या धुळीचे होते. थंडी सुरू झाली, की सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून ती यायची आणि रात्रभर न दिसता पडत राहायची. सकाळी गच्ची, दोरीवरचे कपडे, पाण्याचं टाकं, सगळ्यावर काजळीचा थर. बुद्धभूषण सांगे, की हवा मोजायचं यंत्र बसवलंय आणि आकडा ठीक येतो. अंजनाबाई त्याला काळा झाडू दाखवत. "तुह्या यंत्राले म्हना, माह्या झाडूसंग बोलून घे."

तो झाडू घेऊन एका सकाळी त्या गच्चीवर गेल्या आणि पायरीवरच थांबल्या.

धुळीत पावलं होती. बुटाची. जिन्याच्या दारापासून उत्तरेच्या कठड्यापर्यंत गेलेली आणि परत आलेली. कठड्याजवळ धूळ दाबली गेली होती, जसं कोणी तिथे बराच वेळ उभं राहिलं असावं. डाव्या पावलाचा ठसा पुरता होता. उजवा बाहेर वळलेला, आणि त्याचं टोक धुळीला नीट टेकलंच नव्हतं.

खाली रस्त्यावर भाजीवाल्याने हाक दिली. अंजनाबाईंनी दुसऱ्यांदा पाहिलं. मग वाकून, कठड्यापासून जिन्यापर्यंत, सगळी गच्ची झाडून काढली. कोणाला सांगितलं नाही. जिन्याचं दार रात्री आतून लावलेलं होतं, ते उघडून त्याच वर आल्या होत्या, हे मात्र त्यांना झाडताना आठवत राहिलं.

तीनचार दिवसांनी पुन्हा पावलं. मग पुन्हा.

शेजारच्या मंदाकिनीबाईंची गच्ची भिंतीला भिंत लागून. त्यांचे यजमान तहसील कचेरीत होते आणि मंदाकिनीबाईंचा सगळ्या देवांवर सारखा विश्वास होता. त्या कपडे वाळत घालायला आल्या, त्यांनी पावलं पाहिली आणि हातातली बादली तिथेच ठेवली.

"अंजनाबाई, हे तं मेश्रामभाऊंचं पाऊल हाय."

"पाऊल हाय," अंजनाबाई म्हणाल्या. "मानूस कोनं पाह्यला?"

पण आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला.

दुपारपर्यंत गल्लीला कळलं. बाया जिन्यावर रांग लावून आल्या. कोणी दुरून हात जोडले, कोणी फूल ठेवलं. मंदाकिनीबाई म्हणाल्या, नदीवरच्या महादेव घाटावर जाऊन शांती करून घ्या. विहारातली मंडळी म्हणाली, घरात परित्राण पाठ ठेवू. बुद्धभूषण संध्याकाळी आला आणि चिडला. कोणीतरी खोडी करतंय, म्हणाला. खोडी करणाऱ्याने बाबांचा पाय कुठून आणला, हे मात्र त्याला सांगता येईना.

सगळे गेल्यावर अंजनाबाईंनी पेटी उघडली. फडकं सोडलं. बुटांच्या तळव्यांत काळी धूळ भरलेली होती. ती कोरडी होती, बोटाला लागली.

एका बाजूने त्यांना हायसं वाटलं. म्हणजे बूट चालत होते, पाऊल आपोआप उमटत नव्हतं. बूट आहेत तर ते घालणारा आहे, आणि तो घरातला आहे. त्यांनी जेवताना मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, नातीच्या तोंडाकडे पाहिलं. दोघं रोजच्यासारखी जेवत होती. त्यांनी पेटीला कुलूप लावलं, किल्ली काळ्या दोऱ्यात ओवली आणि गळ्यात घातली. दोऱ्याला गाठीवर गाठ मारली.

दुसऱ्या सकाळी जाग आली तेव्हा किल्ली गळ्यात होती. पेटीला कुलूप होतं. बूट आत होते.

आणि गच्चीवर पावलं होती.

अंजनाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. अंगात थंडी भरली होती, तरी शाल आणायला उठवेना. साऱ्या आयुष्यात 'कोनं पाह्यलं' या प्रश्नाच्या पुढे जायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, तो प्रश्नच नेहमी पुरला होता. आता पाहणाऱ्याही त्याच होत्या, किल्लीही त्यांच्याच गळ्यात होती, आणि विचारायला कोणी उरलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी झाडू मारला नाही. भातही बेचव झाला. संध्याकाळी दिवा लागल्यावर त्या भिंतीला पाठ लावून बसल्या. कोणी मागून जाऊ नये अशी त्यांची बसण्याची रीत झाली.

दीक्षाला हे पाहवेना. आजीला घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं, बिसाहिनबाईच्या गोष्टीवर ती वाढलेली होती. कोणाला न सांगता तिने आपलं अंथरूण जिन्याजवळच्या कोठीत टाकलं, परीक्षेचा अभ्यास आहे म्हणाली, आणि पहाटेचा गजर लावला.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या पहाटे गजराच्या आधीच तिला जाग आली. पेटीचं कुलूप वाजलं होतं.

दीक्षाने दाराच्या फटीतून पाहिलं. आजी पेटीपुढे बसली होती. गळ्यातल्या किल्लीने कुलूप काढून, न चाचपडता, तिने बूट बाहेर घेतले आणि पायात घातले. ते तिला मोठे होते. मग ती उठली आणि जिना चढू लागली. प्रत्येक पायरीवर उजवं पाऊल बाहेर फेकत.

दीक्षाच्या हातात मोबाइल होता. काय करावं न सुचून तिने तो धरला आणि मागोमाग गेली.

त्याच दिवशी, चांगलं ऊन पडल्यावर, तिने आजीला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि मोबाइल पुढे केला. चित्र काळपट होतं, हलत होतं. एक ठेंगणी बाई कठड्याशी उभी. मान वर.

अंजनाबाईंनी चष्मा पुसला. "कोन होय थे?"

"आप हो दादी."

"मी अशी नाई चालत. हे मशीननं बनवलं. कोनं पाह्य..."

"मैंने देखा," दीक्षा म्हणाली. "दादी, मैंने देखा. अपनी आँख से. मैं आपसे दो हाथ पर खड़ी थी."

अंजनाबाईंची नजर मोबाइलवरून उठली. त्यांच्या प्रश्नाला आजवर कोणी असं उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी नातीचा चेहरा न्याहाळला. पोरगी खोटं बोलत नव्हती.

मोबाइलमधून बारीक आवाज येत होता. अंजनाबाईंनी तो कानाला लावला. त्यांचाच आवाज, पण जरा तरुण, जरा लाडिक. "कुठं? ... नाई दिसून राह्यलं मले. ... कुठं म्हन्ता?"

मध्ये मध्ये तो आवाज थांबत होता. बोलणाऱ्याला जागा द्यावी तेवढाच.

"मी कोनासंग बोलून राह्यली?"

"पता नहीं. वहाँ कोई नहीं था." दीक्षाने वर बोट केलं. "फिर आपने उधर हाथ किया और बोलीं, हव, दिसलं. मैंने ऊपर देखा दादी. वहाँ एक तारा चल रहा था. सीधा. बिना टिमटिमाए. आपकी आँखें तो बंद थीं."

तो सरकणारा तारा मोबाइलमध्ये नव्हता. तिथे नुसता अंधार होता. त्याबद्दल दीक्षाचा शब्द एवढाच पुरावा.

बुद्धभूषणने आईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत चालतात, दुःखाने असं होतं, बुटाला जशी सवय लागली तसा पाय पडतो. गोळ्या दिल्या. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं आणि त्याची किल्ली बुद्धभूषण उशाखाली ठेवू लागला. मंदाकिनीबाईंना हे पटलं नाही, पण गल्लीची गर्दी ओसरली.

पावलं थांबली. अंजनाबाई मात्र ठीक झाल्या नाहीत. त्या दिवसाढवळ्या थबकून नातीला विचारत, "दीक्षे, मी जागी हाओ ना?" भाजी चिरताना हात थांबे आणि त्या तळहात उलटसुलट करून पाहत, जणू तो कोणाकडून उसना आणलेला असावा. ओट्यावर कोणी बातमी आणली, तर ऐकून घेत आणि हं म्हणत. गल्लीला ते आवडलं नाही. पाहिजे तो प्रश्न विचारणारं माणूस गेलं, तर खोट्या बातमीला अडवणार कोण, असं मंदाकिनीबाईच एकदा म्हणाल्या.

माघ पौर्णिमा झाल्यावर एका सकाळी अंजनाबाईंनी मुलाला समोर बसवलं.

"मले किल्ली दे. अन् गोळ्या बंद."

"आई, तू कठड्यावरून पडशीन."

"त्याचं मले नाई माहीत. झोपेतली बाई काय करते मले नाई माहीत. पन तिले कोंडून ठेवू नको. थे कोनाले तरी भेटून राह्यली होती."

"कोनाले, आई? कोनी नाई तिथं."

"तू पाह्यलं का, नाई म्हनून?"

बुद्धभूषण रोज लोखंड तपासणारा माणूस. कशात किती काय आहे ते आकड्यात सांगणारा. त्याने दोन दिवस विचार केला आणि गवंडी बोलावला. गच्चीचा कठडा चारी बाजूंनी उंच करून घेतला, आईच्या हनुवटीला लागेल इतका. जिन्यात दिवा बसवला. मग उशाखालची किल्ली काढून खिळ्याला टांगली, जिथे कोणाचाही हात पोहोचेल. झोपण्यापूर्वी तो आईकडे बघत नसे, आणि पहाटे कुलूप वाजलं तरी कूस बदलून पडून राही.

कठड्याचं प्लास्टर वाळल्यावर एकदा अंजनाबाई दिवेलागणीला, चांगल्या जाग्या असताना, दीक्षाला घेऊन वर गेल्या. सिलतऱ्याच्या बाजूला आभाळ तांबूस झालं होतं आणि त्यावर धुराची चादर पसरलेली. चांदणी सोडा, चंद्रसुद्धा मळका दिसत होता. अंजनाबाई नव्या कठड्याला हात लावून मान वर करून उभ्या राहिल्या. दीक्षाला थंडी वाजू लागली.

"चलो दादी, कुछ नहीं दिख रहा."

"थांब," अंजनाबाई हळूच म्हणाल्या. "सांगते थो, कुठं पाह्याचं थे. त्यानं सांगतलं का दिसते."

दीक्षाने मागे वळून जिन्याकडे पाहिलं, दिवा लागलेला होता, जिना रिकामा होता. ती आजीच्या जवळ सरकली आणि तिने तिचा हात धरला. हात ऊबदार होता. खालून बुद्धभूषणने जेवायला हाक मारली, तशा दोघी उतरल्या, आणि कितीतरी दिवसांनी अंजनाबाईंनी त्या रात्री भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.